साळुंखे आणि बांबूचं विमान

फिलिपिन्सच्या हवाईदलाबद्दल काही शंका असेल, तर ती विचारायला जगात दोन जागा आहेत. एक मनिला. दुसरी, सोहार औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या केबलच्या कारखान्याचं मेंटेनन्स खातं, दारातून शिरल्यावर डावीकडचं तिसरं टेबल. त्या टेबलाशी आमचे साळुंखे बसतात. मनिलात निदान शंका विचारावी तरी लागत असेल. साळुंख्यांकडे तेवढीही तसदी पडत नाही.

तुम्ही पंप बंद पडल्याची तक्रार घेऊन त्यांच्याकडे जा. ते शांतपणे ऐकून घेतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "फाटकसाहेब, एक्केचाळीस साली काय झालं माहितीय का?" की समजावं, पंप आता अर्ध्या तासाने सुरू होणार. एक्केचाळीस साली जपानी विमानं फिलिपिन्सवर चालून आली, तेव्हा तिथल्या पोरसवदा वैमानिकांकडे जुनाट, उघडी विमानं होती. समोर अद्ययावत जपानी विमानं आणि ह्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नाही. "डोक्याला टोपी, डोळ्यांना गॉगल, समोर एवढीशी काच, खलास," साळुंखे पंजाएवढी काच हवेत दाखवून सांगतात. "तरी वर गेलेच की नाही? आणि तुमचा पंप तर चार वर्षांपूर्वीचा आहे." पंपाचा आणि ह्या लढाईचा संबंध मला आजवर कळलेला नाही, पण पंप नेहमी सुरू झालेला आहे.

मी त्याच कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणं हाच माझा धंदा. पुण्याचा असल्यामुळे त्यासाठी वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागलं नाही.

साळुंखे पंचावन्नच्या पुढचे, अंगाने बारीक, आवाजाने मोठे. बायको शाळेत शिक्षिका, ती आणि मुलगा चिपळूणला. हे एकोणीस वर्षं इथे कंपनीच्या खोलीत एकटे. त्यांची बोटं लांबसडक, आणि डाव्या हाताच्या बोटांवर बारीक पांढऱ्या रेघाच रेघा. लेथवर काम करणाऱ्याच्या हाताला अशा खुणा असायच्याच, असं मी धरून चाललो होतो. एखादं वाक्य संपवताना ते "विषय खलास" म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, संपलं. तो उठायला लागतो, आणि साळुंखे दुसरं वाक्य सुरू करतात.

एवढं विमानांचं वेड असलेला माणूस विमानात बसायला मात्र घाबरतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एका वर्षी सुट्टीला मस्कतहून मुंबईला आम्ही एकत्र गेलो. त्यांनी हट्टाने मधल्या वाटेजवळची खुर्ची मागून घेतली. विमान धावपट्टीवर पळायला लागलं तसे त्यांनी डोळे मिटले, ते मुंबईला चाकं टेकल्यावर उघडले. मधल्या वेळात जेवण आलं, तेही त्यांनी डोळे मिटूनच खाल्लं. खिडकीतून बघा तरी, मी म्हटलं, तर ते म्हणाले, "पत्र्याच्या विमानाचा भरवसा नाही हो. बांबूचं असतं तर बघितलं असतं."

शुक्रवारी सकाळी ते आमच्याकडे नाश्त्याला येतात. माझी बायको वैशाली देवरुखची, त्यामुळे घावणे आणि नारळाचं दूध असा बेत असतो. साळुंखे तिच्या ताटलीतले शेंगदाणे उचलून टेबलावर विमानांची रचना मांडतात. साठच्या दशकात ह्या लोकांनी आपली जेट विमानं पार आफ्रिकेत, काँगोला, शांतता राखायला नेली होती, हे मला अशाच एका शुक्रवारी चटणीच्या वाटीला काँगो करून सांगण्यात आलं. माझ्या मते हे आता काँगोच्या लोकांनाही आठवत नसेल. माझी मुलगी इरा तेव्हा सातवीत होती. तिचं मराठी इथल्या शाळेतल्या मुलांसारखंच, अडखळत चालणारं. एक्केचाळीस सालची लढाई ऐकून झाल्यावर तिने विचारलं होतं, "काका, बट ते विन झाले का?" साळुंख्यांनी एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. "जिंकायचं नंतर बघू बाळा. आधी उडायचं," ते म्हणाले. त्या दिवसापासून इराची गणिताची परीक्षा असली की आमच्या घरात हेच वाक्य ऐकू येतं, आणि मार्कही त्याच मानाने येतात.

गणपतीच्या सजावटीच्या बैठकीत तर त्यांनी कमाल केली. मंडळाच्या बहुतेकांना बर्फाच्छादित हिमालय हवा होता. बाहेर चव्वेचाळीस डिग्री असताना माणसाला हिमालय सुचावा हे मी समजू शकतो. साळुंख्यांनी हात वर करून बांबूच्या विमानाचा देखावा सुचवला. गणपती विमानात कशाला बसेल, असं अध्यक्षांनी विचारलं. "उंदरावर बसतो तेव्हा विचारलंत का?" साळुंखे म्हणाले. हिमालय पास झाला. साळुंख्यांनी निमूटपणे तीन दिवस राबून त्याला कापूस चिकटवला.

आता हे बांबूचं विमान काय आहे, ते सांगायला हवं, कारण बाकीची सगळी विमानं साळुंख्यांना फक्त तिथवर पोचायला लागतात. पन्नासच्या दशकात फिलिपिन्सच्या एका सरकारी प्रयोगशाळेतल्या लोकांनी ठरवलं, की बाहेरून ॲल्युमिनियम आणत बसण्यापेक्षा आपल्याकडे जे उगवतं त्याचंच विमान करू. त्यांनी बांबूच्या कामट्या विणून चटया केल्या, त्या चटयांवर थर चढवून त्या कडक केल्या आणि त्यांची विमानं बांधली. एकाला चिमणीएवढ्या पाखराचं नाव दिलं, एकाला बगळ्याचं. ती उडाली. पुढे कारखान्यात तशी शेकड्यांनी निघायला हवी होती, ती निघाली नाहीत, नमुन्यापुरतीच राहिली. नंतर सत्तरच्या दशकात त्यांनी बाहेरून सुटे भाग आणून विमानं जोडण्याचा घाट घातला, तोही काही वर्षांनी थंडावला. साळुंखे हे सगळं सांगतात, पण बांबूपाशी आले की त्यांचा मोठा आवाज खाली येतो. "विणलेलं विमान, फाटकसाहेब," ते म्हणतात. "ठोकलेलं नाही, ओतलेलं नाही. विणलेलं."

ही माहिती त्यांना रोमीने दिली. रोमी आमचा लेथवरचा कारागीर, मनिलाच्या दक्षिणेकडच्या एका गावचा, इथे बावीस वर्षं. गोल चेहऱ्याचा, सदा हसरा आणि अत्यंत कमी बोलणारा, म्हणजे साळुंख्यांसाठी परमेश्वरानेच घडवलेला. त्याचा बाप तरुणपणी चटया विणायचा आणि त्या विमानांसाठी लागलेल्या चटया विणणाऱ्यांत तोही होता, असं रोमीने एकदा डबा खाताना सहज सांगितलं. मी असतो तर पुरावा मागितला असता. साळुंख्यांनी घास खाली ठेवला आणि तो दिवस मावळेपर्यंत त्याला सोडलं नाही. तेव्हापासून अकरा वर्षं दोघे एका बाकावर बसून जेवतात. ते ज्या भाषेत बोलतात तीत निम्मी हिंदी, पाव इंग्रजी आणि उरलेली अरबी असते. रोमी त्यांना 'कुया सालू' म्हणतो. कुया म्हणजे थोरला भाऊ. साळुंखे त्याला 'रोमीशेठ' म्हणतात.

आता माझ्या एका सवयीबद्दल. नऊ वर्षांपूर्वी मी इथे आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी मराठी माणूस भेटल्याच्या आनंदात मी साळुंख्यांना आपले नेहमीचे तीन प्रश्न विचारले. गाव कुठलं, शिक्षण कुठे झालं, वडील काय करायचे. गाव चिपळूणजवळ, शिक्षण आयटीआय. तिसऱ्या प्रश्नाला ते म्हणाले, बाजाराला माल पुरवायचे. कसला माल, मी विचारलं. "सगळाच. विषय खलास," ते म्हणाले आणि खरोखरच गप्प बसले. साळुंखे गप्प बसले ही केवढी मोठी बातमी आहे, हे पहिल्याच दिवशी मला कळणं शक्य नव्हतं. नंतर कळायला हवं होतं. उलट मी त्याची थट्टा सुरू केली. त्यांना 'साळुंखे अँड सन्स' म्हणायला लागलो. सप्लाय काय म्हणतोय, असं येता-जाता विचारायचो. ते हसायचे आणि मला एक्केचाळीस साली घेऊन जायचे.

यंदा मार्चमध्ये रोमीने राजीनामा दिला. गुडघे बोलायला लागले होते आणि नातवंडं गावी वाढत होती. साळुंख्यांनी दोन दिवस कुणाला फिलिपिन्सबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. पंप झटपट दुरुस्त व्हायला लागले, तेव्हा लोक घाबरले. तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी जाहीर केलं, की ते रोमीला निरोपाला बांबूचं विमान देणार. खेळणं नव्हे, हातभर पंखांचं, विणलेलं. रोमीच्या बापाने विणलेल्या चटयांचा एक तुकडाही त्याच्या घरी उरलेला नाही. पुरात सगळं गेलं. रोमी मायदेशी परत जाताना त्याच्या हातात घड्याळाचं खोकं असावं, हे साळुंख्यांना मंजूर नव्हतं. हातात पाच आठवडे होते.

पण ओमानमध्ये बांबू आणायचा कुठून? इथे खजूर उगवतो. साळुंख्यांनी रोपवाटिका पालथ्या घातल्या. कुरुमला एका ऑफिसच्या दारात कुंडीत बांबू आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून सुट्टीच्या दिवशी बसने मस्कत गाठलं. तो प्लास्टिकचा निघाला. मी त्याच सुमाराला आठ दिवस भारतात जाणार होतो, तेव्हा त्यांनी मला एक हिरवी, सरळ, दोन पेरांमध्ये लांब अंतर असलेली काठी आणायला सांगितली. माझ्या डोंबिवलीच्या मेहुण्याने ती मोठ्या उत्साहाने पैदा केली. मुंबईच्या विमानतळावर मात्र काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे आणि काठीकडे आळीपाळीने बघितलं आणि लाठी घेऊन परदेशी जाण्याचं कारण विचारलं. फिलिपिन्सच्या हवाईदलासाठी, हे उत्तर मी का दिलं, देव जाणे. ती काठी आता मेहुण्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला आहे.

मी हात हलवत परत आलो, तर सांगाड्याचा प्रश्न सुटलेला होता. आमचे मेंटेनन्स मॅनेजर सईदसाहेब ह्याच किनाऱ्यावरचे. त्यांचे आजोबा खजुराच्या झावळ्यांच्या दांड्या बांधून मासेमारीच्या होड्या करायचे. साळुंखे बांबू शोधतायत हे ऐकून त्यांनी घरून दांड्यांचा भाराच आणून दिला. जे समुद्रात तरतं ते हवेतही तरेल इन्शाल्ला, असं त्यांचं म्हणणं. साळुंख्यांनी त्या दांड्यांचा सांगाडा केला. पोटाला सोहारच्या सुकातून, म्हणजे बाजारातून, बांबूच्या काड्यांचा पडदा आणून गुंडाळला. राहिले पंख. त्या पडद्याच्या काड्या दोऱ्यात ओवलेल्या होत्या, विणलेल्या नव्हत्या, आणि न विणलेले पंख लावायला साळुंखे तयार नव्हते. शेवटचा आठवडा उजाडला तरी विमान बिनपंखांचंच होतं. जेवणाच्या बाकावर रोमी समोर असताना साळुंखे तोंड मिटून बसायचे, कारण उघडलं तर गुपित बाहेर पडलं असतं.

निरोप समारंभ गुरुवारी होता. बुधवारी संध्याकाळी त्यांनी मला आणि वैशालीला खोलीवर बोलावलं. टेबलावर विमान उभं होतं, पंखांसकट. मी चाट पडलो, पण तसं दाखवायची मला सवय नाही. मी खिशातून मोजपट्टी काढली. डावा पंख उजव्यापेक्षा चार मिलिमीटर खाली होता. पोट नवं, पिवळट, आणि पंख जुनाट, गडद तपकिरी. वीणही वेगळी, घट्ट आणि गुळगुळीत, हाताळून चकाकी आलेली. मी म्हटलं, साळुंखे, दोन्हींचा मेळ बसत नाही, चंदेरी रंग मारून टाका म्हणजे सगळं एकसारखं दिसेल.

"रंग नाही मारायचा," ते म्हणाले.

मी मुद्दा सोडला नाही. उद्या साहेब लोक बघतील, काम नीटनेटकं दिसायला हवं, वगैरे माझं चालूच होतं. वैशाली मात्र वाकून पंखाच्या कडेला बोट लावून बघत होती. तिथे पिवळा डाग होता. "अहो, ही हळद आहे," ती म्हणाली. "हे सूप आहे. ओवशाचं सूप कापलंय भावजींनी."

ज्यांना ओवसा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणात लग्नानंतरच्या पहिल्या गौरींना नवी सून नव्या सुपांत फळं, पानं, वाण घालून गौरीला ओवसते. त्या सुपांना हळदकुंकू लावतात. वैशालीचं स्वतःचं सूप तिच्या माहेरी अजून माळ्यावर जपून ठेवलेलं आहे, आणि ते कुणी कापेल ही कल्पनाही तिला सहन होण्यासारखी नव्हती. तिने कळवळून विचारलं, की हे असं का केलंत. साळुंख्यांनी विमानावर टॉवेल टाकला.

"विषय खलास," ते म्हणाले. नऊ वर्षांत दुसऱ्यांदा विषय खरोखर संपला. आम्ही चहा न घेताच उठलो.

गुरुवारी दुपारी चार वाजता कँटीनमध्ये सगळे जमले. रोमी बावीस वर्षांचा जुना माणूस, म्हणून घरच्यांनाही बोलावलेलं होतं. फिलिपिनो मंडळींनी परातभर शेवया आणल्या होत्या, कंपनीचा केक होता, आणि घड्याळाचं खोकं होतंच. सईदसाहेब दोन मिनिटं बोलले. मग साळुंखे टॉवेल झाकलेलं विमान घेऊन पुढे आले आणि चष्मा कपाळावर सरकवला. मागच्या रांगेतल्यांनी खुर्च्यांना पाठी टेकून घेतल्या. एक्केचाळीस साल येणार, ह्याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

ते आलं नाही. साळुंखे त्यांच्या त्या तीन भाषांच्या भाषेत बोलले, मी त्यातला मजकूर तेवढा सांगतो. ते म्हणाले, माझे वडील बुरूडकाम करायचे. अंगणात बसून कामट्या काढायचे, सुपं, टोपल्या, रोवळ्या विणायचे. मीही लहानपणी त्यांच्यासोबत बसलोय, हे बघा. त्यांनी डावा हात वर करून बोटांवरच्या रेघा दाखवल्या. तिकडे कारखान्यात नोकरी लागल्यावर मला त्याची लाज वाटायला लागली. लग्नानंतरच्या पहिल्या गौरींना कारखान्यातले साहेब लोक घरी येणार होते. मी वडिलांना सांगितलं, चार दिवस कोयती आत ठेवा आणि अंगणात बसू नका. ओवशाला घरची सुपं नकोत म्हणालो. चिपळूणच्या बाजारात जाऊन पाच सुपं विकत आणली. वडिलांनी त्यातलं एक हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, चांगलं आणलंस.

वडील गेल्यावर सामान आवरताना ते सूप साळुंख्यांच्या हाताला लागलं. काठाच्या शेवटी कामटीला दोनदा पीळ देऊन ती आत खोचलेली होती. पंचक्रोशीत तसा पीळ एकच माणूस द्यायचा. बाजाराला माल तेच पुरवत होते. मुलाने बापाला अंगणातून उठवून, त्याचंच सूप दुकानातून विकत आणलं होतं. ते सूप साळुंखे इथे येताना बरोबर घेऊन आले आणि एकोणीस वर्षं पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवून होते. सूप काही पेटीत ठेवायची वस्तू नाही, ते म्हणाले.

मग त्यांनी टॉवेल काढला. "बॉडी मेरा है," ते म्हणाले. "पंख मेरे बाप का है."

मी जमिनीकडे बघत होतो. साळुंखे अँड सन्स, सप्लाय काय म्हणतोय, हे सगळं नऊ वर्षांचं माझ्या कानात वाजत होतं, आणि मला माझी मनापासून लाज वाटली. आदल्या संध्याकाळी मी त्या पंखांना चंदेरी रंग मारायला सांगितलं होतं.

रोमी पुढे आला. त्याने विमान दोन्ही हातांत घेतलं आणि पंखावरून अंगठा फिरवला, तसा फक्त माहीतगार माणूस फिरवतो. मग ते वळवून त्याने कडेचा तो पीळ शोधून काढला आणि त्यावर बोट ठेवून उभा राहिला. अत्यंत कमी बोलणारा माणूस तो.

"कुया, यू फादर, माय फादर," तो म्हणाला, "सेम कंपनी."

मग दोघेही रडले. एका हाताने विमान सांभाळायचं आणि दुसऱ्याने मिठी मारायची, अशी रोमीची तारांबळ उडाली, तेव्हा इराने धावत जाऊन विमान धरलं. वैशाली पदराने डोळे पुसत साळुंख्यांसाठी केक कापायला गेली आणि ताटलीत तिने एवढा मोठा तुकडा घातला, की तो त्यांनी नंतर चौघांत वाटला. डावा पंख चार मिलिमीटर खाली होता तो होताच. मी त्याबद्दल पुन्हा काही बोललो नाही.

रोमीने ते विमान मांडीवर घेऊन प्रवास केला. मस्कतच्या विमानतळावर त्याला अडवलं, तेव्हा त्याने काय सांगितलं ते माहीत नाही, पण माझ्यापेक्षा बरं उत्तर दिलं असणार. पंधरा दिवसांनी फोटो आला. ओसरीत त्याच्या वडिलांच्या तसबिरीशेजारी विमान टांगलेलं आहे आणि खाली दोन नातवंडं वर बघतायत. साळुंख्यांनी तो फोटो कारखान्यात सगळ्यांना दाखवला, मग ज्यांना दाखवला होता त्यांना पुन्हा दाखवला. जेवणाच्या बाकावर आता त्यांच्यासमोर मी बसतो. रोमीइतकं गप्प राहणं मला जमत नाही, पण सराव चालू आहे. जूनमध्ये ते सुट्टीला गेले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खिडकीची खुर्ची मागितली. बघितलंत का बाहेर, ते परत आल्यावर मी विचारलं. डोळे मिटलेलेच होते, पण खिडकीकडे तोंड करून, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

गेल्या महिन्यात नाशिकहून एक नवे पर्चेस मॅनेजर आले. मराठी माणसं भेटल्याचा त्यांना केवढा आनंद झाला. मी पंपाची तक्रार घेऊन मेंटेनन्समध्ये उभा होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी साळुंख्यांना गाव विचारलं, शिक्षण विचारलं. पुढचा प्रश्न कुठला ते मला माहीत होतं. तो येऊ नये म्हणून मी घाईघाईने पंपाबद्दल बोलायला लागलो, पण उपयोग झाला नाही. वडील काय करायचे, त्यांनी विचारलंच.

"बुरूड होते," साळुंखे म्हणाले. "सुपं विणायचे. एका विमानाचे पंखही विणलेत त्यांनी."

पर्चेस मॅनेजर जरा गोंधळून हसले आणि कुठल्या विमानाचे, असं त्यांनी विचारलं. साळुंख्यांनी पायाने एक खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. मी पंपाचं नाव काढलं, तर थांबेल पंप, असा त्यांनी हात केला. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"चिपळूणच्या बाजारात," त्यांनी सुरुवात केली, "मी एकदा पाच सुपं विकत घेतली."